मीपण घालवायचं, तर साधना करतो तो कोण?

सोलापूरची_वाचक
नमस्कार. पहाटे उठून हरिपाठ आणि मग ज्ञानेश्वरीच्या ओव्या, असा माझा बरीच वर्षं नेम आहे. परवाच्या सप्ताहात कीर्तनकार महाराज म्हणाले, मीपण गेल्याशिवाय देव भेटत नाही. तेव्हापासून मन तिथंच अडकलंय. थंडीत अंथरूण सोडून उठते ती मीच ना? नेम मोडायचा नाही हा हट्ट माझा, देव भेटावा ही इच्छाही माझीच. जे घालवायचं त्याच्याच जोरावर हे चाललंय का? सासूबाई म्हणतात, एवढा विचार करू नको, नाम घे. पण चैन पडत नाही. जाणकारांनी स्पष्ट सांगावं.

माळकरी_तेर
ताई, रामकृष्णहरी. आमच्या तेरला गोरोबाकाकांचं मंदिर आहे, त्यामुळे ही कथा लहानपणापासून कानावर. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी काकांचं मडकी घडवायचं थापटणं पाहून विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं. मग आम्हालाही तपासा, म्हणाल्या. बाकीच्यांनी डोक्यावर थापटी निमूट सोसली. नामदेवराय तेवढे रागावले, आणि कच्चे ठरले.

आता बघा, नामदेवांची भक्ती खोटी होती का? मुळीच नाही. विठ्ठल त्यांच्या हातून जेवायचा. ओढ खरी होती, पण तिलाच ‘देव माझ्याजवळचा’ हा ताठा चिकटलेला. पुढे ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. पाय हलवायला गेले तर जिथं ठेवावेत तिथं पिंड! त्यानंतर नामदेवांनी ना नाम सोडलं, ना पंढरी. पंजाबपर्यंत गेले. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. करणारा नामदेव शेवटपर्यंत होताच. थापटी बसल्यावर उसळला होता, तो ताठा तेवढा गेला.

म्हणून तुमचं पहाटे उठणं हा अहंकार नाही, असं माझं ठाम मत आहे. आपलं मीपण आपणच तपासायला बसलं की मडकं कायम पक्कंच वाटतं. थापटणं दुसऱ्याच्या हातात लागतं. संतसंग त्यासाठी.

खेतवाडीचा_जुना
माळकरीकाकांचं पटलं, पण आणखी एक. विडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) आमच्या खेतवाडीत घराच्या माळ्यावर बसून बोलायचे. माझे वडील ऐकायला जात. महाराजांच्या गुरूंनी, सिद्धरामेश्वर महाराजांनी, त्यांना ‘मी आहे’ या जाणिवेलाच धरून राहायला सांगितलं होतं. मी अमक्याचा, मी एवढा मोठा, हे गळू द्यायचं, नुसतं असणं धरायचं. ताई, ‘उठते ती कोण’ हा तुमचा प्रश्न सोडू नका. नेमाला बसाल तेव्हा त्याच्यापाशीच थांबा.

सोलापूरची_वाचक
दोघांचे मनापासून आभार. काका, एक विचारते. आमच्याकडे संतसंग म्हणजे भजनी मंडळ, आणि तिथं पुढं कोण गाणार यावरून रुसवे. तिथं थापटणं कसं सापडायचं?

माळकरी_तेर
तिथंच सापडतं, ताई. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, पहाऱ्यानं एकाकडून दुसऱ्याकडे जाते. वीणा ज्याच्या गळ्यात, त्याच्या पाया पडायचं. मग तो कुणीही असो. माझ्या चुलतभावाशी बांधावरून वाद आहे. एका सप्ताहात त्याच्यानंतर माझा पहारा आला. रात्रीची वेळ, मंडपात चारच माणसं, आणि मला वाकवेना. मनात येत होतं, मी एवढा जुना वारकरी, ह्याच्या पाया कशाला पडू? तेव्हा कळलं, माळ घातल्याचासुद्धा ताठा असतो. वाकलो. तोही माझ्या पाया पडला. वाद मिटला नाही, मोजणी अजून व्हायचीय, पण दर सप्ताहाला त्याच्यानंतरचाच पहारा मी मागून घेतो. तुमच्या मंडळात जिच्याशी जमत नाही, तिच्यानंतरचा पहारा तुम्हीही मागून बघा.