आदिवासी महाविद्यालयातली सामाजिक शास्त्रांची पदवी: संस्कृती गाभ्यात की जोडपेपरात?

काटेसावर:
अमेरिकेत जमातींनी स्वतः चालवलेलं पहिलं महाविद्यालय म्हणजे नावाहो जमातीचं आजचं डिने कॉलेज, १९६८ चं. अशा ठिकाणी पदवी आखताना बाहेरचा अभ्यासक्रम उचलून शेवटी 'आमची संस्कृती' हा ३ क्रेडिटचा पेपर चिकटवला, की १२० पैकी ११७ क्रेडिट जुनीच राहतात. सुरुवात संशोधन पद्धतीपासून करा. हवासुपाई प्रकरण शिकवा: या जमातीतल्या लोकांचं मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून १९९० च्या सुमारास विद्यापीठाच्या संशोधकांनी घेतलेलं रक्त स्किझोफ्रेनिया (एक मानसिक आजार) आणि स्थलांतराच्या अभ्यासात वापरलं गेलं. २०१० मध्ये अ‍ॅरिझोनाच्या विद्यापीठ मंडळाला ७ लाख डॉलर देऊन ते मिटवावं लागलं. मग विद्यार्थ्यांकडून संमतिपत्राचा मसुदा लिहून घ्या. मुलाखत कुणाच्या मालकीची? दुसऱ्या कामाला पुन्हा परवानगी लागेल का? छापण्याआधी जमातीतलं कोण वाचणार?

हिशेबनीस:
छान आहे, पण पोरं पुढे जाणार कुठे? समाजकार्याच्या एमएला घेणारं विद्यापीठ गुणपत्रकात संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धती शोधतं. पेपरचं नाव अनोळखी दिसलं की क्रेडिट ऐच्छिकात ढकलतात, मग तोच विषय पुन्हा पैसे भरून करायचा. डिने कॉलेजची विचार, आखणी, जगणं, पडताळणी ही चौकट मला मान्य आहे, पण चार खणांत जुनाच माल भरणं फार सोपं असतं. आणि शिक्षक? मानांकनवाले पदव्युत्तर पदवी विचारतात. ती गोष्टी जाणणाऱ्या आजोबांकडे कुठून यायची?

काटेसावर:
नाव नेहमीचंच ठेवा, आतला मजकूर बदला. आजोबांचं म्हणाल तर हायर लर्निंग कमिशन ही मानांकन देणारी संस्था अनुभवही पात्रता म्हणून धरतं, फक्त त्याचे निकष संस्थेने आधी लेखी ठरवलेले हवेत. ते न करता त्यांना 'पाहुणे' म्हणून मानधनावर बोलावतात, आणि ते यायचे थांबले की पेपरही बंद पडतो.

ओढ्याकाठी:
वेळापत्रकाचं कुणीच बोलत नाही. नावाहोंकडे कायोटीच्या (कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या) गोष्टी हिवाळ्यातच सांगतात. सत्र सुरू होतं ऑगस्टमध्ये. म्हणजे तो भाग सत्राच्या शेवटाकडे न्यायला हवा, नाहीतर सरळ जानेवारीच्या सत्रात. रेकॉर्ड करून उन्हाळ्याच्या ऑनलाइन वर्गात लावला तर नियम मोडलाच. आधी सत्राचं कॅलेंडर, मग पाठ्यक्रम.

हिशेबनीस:
हे पटलं. पण जमातींच्या महाविद्यालयांसाठीच्या १९७८ च्या अमेरिकी कायद्याखालचं केंद्राचं अनुदान जमातीच्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर मिळतं, पेपरांच्या नाही. दोन शिक्षकांच्या विभागाने दहा नवे पेपर छापले, तर निम्मे कधीच चालणार नाहीत आणि पदवी चारऐवजी सहा वर्षांवर जाईल. तीन पेपर बदला, पण ते दरवर्षी चालवा.

पळसगाव:
गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ (२०११) आहे, त्याच जिल्ह्यात मेंढा-लेखा हे गाव. २००९ ला सामूहिक वनहक्क मिळालेल्या या ग्रामसभेची ठरावाची वही आणि बांबूविक्रीचा हिशेब राज्यशास्त्राच्या पेपरला का नको?

काटेसावर:
हवाच. फरक एवढाच की डिने कॉलेजला सनद नावाहो सरकारचीच आहे. आपल्याकडे विद्यापीठ राज्याच्या कायद्याने चालतं. त्यामुळे वही वर्गात आणण्याआधी ग्रामसभेचा ठराव घ्या, आणि प्रती कुठे राहतील तेही त्यातच लिहून घ्या.