फळमाश्यांच्या खाद्यात मिथाइलपॅराबेन घालूनही बुरशी येतेय, काय चुकतंय?

माशीवाली_कर्वेनगर:
एमएस्सी झूलॉजी, दुसरं वर्ष. ड्रोसोफिलाचं, म्हणजे फळमाशीचं, खाद्य आम्ही रवा, गूळ, यीस्ट आणि घट्ट व्हायला अगर पावडर असं शिजवतो. उन्हाळाभर काही त्रास नव्हता पण जुलै लागला, पुण्यात आठवडाभर ऊन नाही, लॅबच्या भिंतींनाही ओल, आणि बाटल्यांत काळी बुरशी. म्हणून मिथाइलपॅराबेन हे बुरशीरोधक आणलं, लिटरला 1 ग्रॅम, खाद्य रटरटत असतानाच पावडर वरून भुरभुरवली आणि ढवळलं. तरी बारापैकी पाच बाटल्यांत बुरशी आलीच, आणि दोनांत बुरशी नाही पण अळ्या मेल्यात. एकाच पातेल्यातलं खाद्य आहे हो! वर आईने पॅराबेन हा शब्द ऐकला, म्हणे त्याने कॅन्सर होतो, आणि क्रीममध्येही ते असतं म्हणून आता ती घरातल्या सगळ्या क्रीमच्या ट्यूबा चष्मा लावून वाचत बसलीये.

लॅबकाका:
अगं, गुठळ्या. हे पाण्यात जेमतेम विरघळतं, 25 अंशाला लिटरमागे अडीच ग्रॅमच्या आसपास, आणि घट्ट रव्यात पावडर टाकलीस तर सगळीकडे सारखी पसरतच नाही. जिथे गुठळी गेली तिथल्या अळ्या मेल्या, बाकीच्यांना काही मिळालंच नाही. 10 ग्रॅम पावडर इथेनॉलमध्ये विरघळव, एकूण 100 मिली कर, त्यातलं लिटरला 10 मिली म्हणजे 0.1 टक्का, पावसाळ्यात 15 पर्यंत जा. आधी गॅस बंद, मग खाद्य 60 अंशापर्यंत येऊ दे, थर्मामीटर लाव अंदाजाने नको, कारण उकळत्यात इथेनॉल ओतलंस तर भसकन वाफ येते आणि शेजारी बर्नर चालू असेल तर भडका. माझी एक भुवई गेलीये अशी. फार गारही करू नकोस, अगर धरतं. बाटल्या रात्रभर मलमलखाली उघड्या ठेव, इथेनॉल उडून जाऊ दे. आणि पावडर मोजताना पंखा बंद, हातमोजे, गॉगल, ती डोळ्यात गेली की चुरचुरते.

क्यूसीवाली:
औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये रोज वापरते म्हणून सांगते, हे बुरशी-यीस्टवर चांगलं, बॅक्टेरियावर तितकं नाही, त्यामुळे खाद्यावर बुळबुळीत चकचकीत थर आला तर डोस वाढवून उपयोग नाही. पीएच 8 च्या वर गेला तरी जोर कमी होतो. आणि तू अळ्यांच्या वाढीचे दिवस मोजत असशील तर तुलनेसाठी ठेवलेल्या कंट्रोल बाटल्यांतही तेवढंच घाल, जास्त झालं की त्यानेच वाढ लांबते.
आईंचं म्हणाल तर ती भीती बरीचशी 2004 च्या एका ब्रिटिश अभ्यासातून आली, स्तनाच्या 20 गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन सापडले होते, पण शेजारच्या निरोगी ऊतीशी तुलनाच नव्हती. सापडणं वेगळं, त्याने होणं वेगळं. इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखा परिणाम आहे, पण मिथाइलपॅराबेनचा सगळ्यात क्षीण, रेणूतली कार्बनची साखळी लांबत जाते तसा वाढतो, म्हणून युरोपात 2014 मध्ये सौंदर्यप्रसाधनांतल्या लांब साखळीच्या प्रोपिल-ब्युटिल पॅराबेनची मर्यादा 0.14 टक्क्यावर आणली आणि मिथाइलची 0.4 वरच ठेवली. शरीरात त्याचं लवकर विघटन होतं आणि लघवीवाटे जातं.

माशीवाली_कर्वेनगर:
काका, मेलेल्या अळ्यांची बाटली सुईने उकरली, तळाशी साबुदाण्याएवढे पांढरे खडे!! ट्यूबांवर मिथाइलच निघालं, आईला 0.4 सांगितलं तर म्हणे ते ट्यूबवर का नाही लिहीत. खरंय की. एक शेवटचं, इथेनॉल संपलंय, डिनेचर्ड स्पिरिट चालेल?

लॅबकाका:
नको गं. त्यात काय काय मिसळतात ते माशीला विचारत बसू नकोस.