मदत हवी आहे: मामांच्या जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पसाठी खोकं, पाईनचं की शिवणीच्या लाकडाचं?

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. माझे मामा जहाजावर नोकरीला होते. त्यांनी परदेशातून आणलेला फेंडर डिलक्स गिटार अ‍ॅम्प आता माझ्याकडे आहे, 1955 ते 1960 या काळातला, वरच्या कापडावरून ज्याला ट्वीड म्हणतात तो. मामा बेळगावात कॅम्पात राहायचे. रविवारी संध्याकाळी ते गिटार लावून बसले की आम्ही पोरं पायरीवर बसून ऐकायचो. ते गेल्यावर अ‍ॅम्प आमच्या माळ्यावर आला आणि आठ-नऊ पावसाळे तिथेच राहिला. दिवाळीच्या साफसफाईत खाली काढला तेव्हा खोक्याची डावी बाजू हातात भुगा होऊन आली. वाळवी. मला फार लागलं ते.

आतलं यंत्र मात्र वाचलंय. बेळगावातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी फिल्टरचे कपॅसिटर बदलले आणि दोन पिनांची जुनी वायर काढून अर्थिंगची तीन पिनांची घातली. अ‍ॅम्प 117 व्होल्टचा, म्हणून व्होल्ट उतरवणाऱ्या स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरवर चालवतो. काकांच्या टेबलावर दुसरा स्पीकर जोडून वाजवला, तर आवाज अगदी तोच. त्यामुळे विजेबद्दल माझं विचारणं नाही, लाकडाबद्दल आहे. (कोणी असं काम काढणार असेल तर एक सांगतो: प्लग काढल्यावरही आत तीन-चारशे व्होल्ट साठून राहू शकतात. सुताराच्या हातात उघडी चासी (आतलं यंत्र बसवलेली पत्र्याची चौकट) देऊ नका. मी पुठ्ठ्याचा नमुना कापून दिलाय.)

उरलेल्या तुकड्यांवरून माप घेतलं. रुंदी 20 इंच, फळ्या सहा सूत (पाऊण इंच) जाडीच्या, सगळं भरीव पाईन. कोपऱ्यांना फिंगर जॉइंट, एका हाताची बोटं दुसऱ्यात अडकवावीत तसा. पाठ मधोमध उघडी. स्पीकर ज्या फळीवर बसतो ती पातळ प्लायची, तीन सुतांच्या आतलीच, आणि ती फक्त वर-खाली स्क्रूने धरलेली. दोन्ही बाजू मोकळ्या. म्हणजे स्पीकरबरोबर ती फळीही थरथरते, आणि मामांच्या अ‍ॅम्पचा तो भरलेला, जरासा घोगरा आवाज त्यातून येतो असं मला वाटतं.

आमच्या गावचे सुतार हाताने फार चांगले आहेत, पण ते म्हणतात, "सागवान घ्या, नाहीतर 19 एमएमचा प्लाय, वरून सनमायका. जन्मभर बघायला नको." कपाटासाठी ते बरोबरच आहे. पण सागवानाचा घनमीटर साधारण 650 किलो भरतो, पाईनचा 400 ते 500. खोकं जड होईल, आणि आवाज बदलेल ही भीती आहेच. फणस आणि मत्ती आपल्याकडे मिळतं, पण तेही जड. मग डोक्यात शिवण आलं. हलकं आहे, सहसा वाकत नाही. कोणी शिवणीचं स्पीकरचं खोकं केलंय का? की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या पॅकिंगमधून निघणारं पाईनच गोळा करू?

दुसरी अडचण स्पीकरची. मूळ 12 इंची स्पीकरचा कागद फाटलाय. नवा घेतला त्याचं मॅग्नेट एवढं मोठं आहे की उलट्या टांगलेल्या व्हॉल्व्हला (आतल्या काचेच्या नळ्यांना) लागायला आलंय. खोक्याची खोली इंचभर वाढवली तर चालेल का?

प्रतिसाद, निपाणीहून:

दादा, शिवण बिनधास्त घ्या, पण वाळलेलं घ्या. एक तुकडा कापून दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबेल तेव्हाच रंधा लावा. मी घाई केली होती, मार्चमध्ये दोन कोपरे उघडले. चारही फळ्यांच्या रेषा खोक्याभोवती फिरत्या ठेवा, म्हणजे पावसाळ्यात चारही बाजू एकदमच फुगतील आणि सांध्यावर ताण येणार नाही. पॅकिंगचं पाईन घेतलंत तर शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते चालतं. एमबी असेल तर विषारी वायू दिलेला असतो, घरात आणू नका. वाळवीसाठी आतून बोरॅक्स-बोरिकचं पाणी दोनदा.

खोली वाढवा, इंचाने काही बिघडत नाही. पातळ फळी मात्र आहे तशीच ठेवा, सुतारांनी जाड बसवली तर काढायला लावा. आणि स्टेपडाऊनने व्होल्ट उतरतात, हर्ट्झ नाही. अमेरिकेची वीज 60 हर्ट्झ, आपली 50, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापतो. मागच्या वरच्या फळीत भोकांचा पत्रा बसवा.

धागाकर्ता:

खूप आभार दादा. वजनाची युक्ती आजच सुतारांना सांगितली, त्यांनाही पटली. शिवणीच्या दोन फळ्या आमच्याच गोठ्यावर चार वर्षं पडून आहेत, रविवारी त्या उतरवतो.

आता कापडाचं विचारतो. मूळ कापड तिरप्या रेघांचं, सुती, वरून लॅकर दिलेलं होतं. त्याऐवजी बेळगावजवळच्या हुदली गावची जाड खादी चढवायचा विचार आहे. पिठाच्या खळीने चिकटवलं तर पुन्हा कीड येईल, म्हणून सरस की फेविकॉल? आणि स्पीकरच्या तोंडावर कुठलं कापड लावलंत तुम्ही, ज्यातून आवाज अडत नाही?