रॉकेटवाल्यांचं घर

काही जण म्हणतात की रॉकेटवर काम करणाऱ्यांचं घराकडे लक्षच नसतं. मला हे अजिबात पटत नाही. माझे सासरे ठाण्यात नौपाड्याला राहतात. विक्रोळीत इस्रोसाठी ‘विकास’ नावाची रॉकेटची इंजिनं तयार होतात, तिथे त्यांची उभी नोकरी झाली. संध्याकाळी घरी आले की आधी मुलींची गणितं, मग जेवण. गावदेवी मंडईतली भाजी आजही तेच आणतात, आणि गवार कोवळी आहे का ते शेंग मोडून बघितल्याशिवाय घेत नाहीत!

या इंजिनांची एक गोष्ट सांगायला हवी. इस्रोच्या एलव्हीएम-३ या रॉकेटच्या मधल्या टप्प्यात दोन विकास इंजिनं असतात. ती जमिनीवर पेटत नाहीत. बाजूचे बूस्टर रॉकेटला वर नेतात आणि उड्डाणानंतर जवळजवळ दोन मिनिटांनी ती हवेतच पेटतात. १४ जुलै २०२३ ला याच रॉकेटवरून चांद्रयान-३ उडालं तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासरे मात्र नातीचा हात घट्ट धरून टीव्हीकडे बघत होते. तिला शाळेतून लवकर आणायला स्वतःच गेले होते. मग एकदम म्हणाले, "पेटली गं दोन्ही!" टाळ्या त्यांनी तेव्हा वाजवल्या.