बरगड्या मोडल्यात, खोकताच येत नाही. गोळ्या कशा बसवाव्यात?

प्रश्न (फिजिओथेरपिस्ट, नाशिकरोड):
निफाडकडचे ७० वर्षांचे आजोबा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलेत. उजवीकडच्या ५ ते ८ बरगड्या मागच्या बाजूला मोडल्यात. पॅरासिटामॉल ६५० 'दुखलं तर' असं लिहिलंय. पडून असताना दुखत नाही म्हणतात, पण खोकायला सांगितलं की श्वासच धरतात. क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध) चालू आहे. घरचे छातीला पट्टा बांधा म्हणून मागे लागलेत.

उत्तर १ (भूलतज्ज्ञ):
पट्टा अजिबात नको. छाती आवळली की श्वास उथळ होतो, कफ साचतो आणि न्यूमोनिया गाठतो. पडून असतानाचं दुखणं विचारू नका; खोल श्वास आणि खोकला जमतो का, एवढंच बघा. तो जमत नसेल तर औषध कमी पडतंय.

'दुखलं तर' खोडून वेळा ठरवून द्यायला सांगा. वजन ५० किलोच्या वर आणि यकृत ठीक असेल तर १ ग्रॅम दर ८ तासांनी. ट्रामाडॉल (जास्त जोराचं वेदनाशामक) आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते हिशेबात धरा. इथेच जास्त चुका होतात. ट्रामाडॉल दिलंच तर त्याच दिवसापासून रेचक द्या, कुंथताना बरगड्या फार दुखतात. शिवाय या वयात त्याने भ्रम होतो.

पण ७० वय आणि चार बरगड्या म्हणजे ब्लॉकचा (नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा) विचार आजच व्हावा. क्लोपिडोग्रेलमुळे एपिड्यूरल (पाठीच्या कण्यात बधिरीचं औषध) नको, रक्तस्रावाची भीती. सेरेटस ब्लॉक (छातीच्या कडेच्या स्नायूपाशी) पुढच्या-बाजूच्या बरगड्यांना चालतो, मागच्या राहून जातात. इथे इरेक्टर स्पायनीत (कण्यालगतच्या स्नायूखाली) कॅथेटर, म्हणजे औषध सोडत राहणारी बारीक नळी, बरं.

प्रश्नकर्ता:
क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) १.८, म्हणजे वाढलेलं आलंय. डायक्लोफेनॅक (वेदनाशामक) चालेल का?

उत्तर १:
नाही. मूत्रपिंड आणखी बिघडेल, आणि क्लोपिडोग्रेलसोबत जठरात रक्तस्राव व्हायची भीती.

उत्तर २ (आयसीयू सिस्टर):
व्यायाम गोळीनंतर पाऊण-एक तासाने घ्या, आधी नको. बसवून, जागेपणी दर तासाला १० श्वास. तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरवर (श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचं साधन) फसू नका: झटक्यात ओढलं तर तिन्ही चेंडू उडतात, पण फुफ्फुस भरत नाही. सावकाश ओढायला लावा, चेंडू ३ सेकंद वर ठेवायचा. खोकताना उशी दुखऱ्या बाजूला घट्ट दाबून धरायची.

श्वास मिनिटाला २५ च्या वर गेले, ऑक्सिजन ९२ च्या खाली आला किंवा आजोबा बरळू लागले, तर झोपेची गोळी देऊ नका. डॉक्टरांना बोलवा, एक्स-रे पुन्हा काढा. छातीत रक्त काही दिवसांनीही साठतं.