आधी सळई गेली, मग पत्रा

नवं तंत्रज्ञान जुन्यापेक्षा सरस असेल तरच त्याची दखल घ्यावी, असं एकांनी लिहिलंय. मला नेमकं उलट वाटतं: सुरुवातीला कमअस्सल दिसणाऱ्या तंत्रज्ञानावरच आधी नजर ठेवावी. अमेरिकेतला पोलादाचा धंदा बघा.

१९६९ मध्ये न्यूकॉर या पोलाद कंपनीने साउथ कॅरोलिनातल्या डार्लिंग्टनला विजेच्या भट्टीत भंगार वितळवणारा छोटा कारखाना काढला. भंगारात तांबं वगैरे मिसळलेलं, त्यामुळे मोटारींना लागणारा गुळगुळीत पत्रा अशा कारखान्यांतून तेव्हा निघत नव्हता. निघायचा तो सळई, अँगल असा साधा माल. आणि सळईचं काय, स्लॅब भरला की ती काँक्रीटमध्ये गडप. वरून खरबरीत असली तरी कोण बघतंय? वाकवताना तडकली नाही आणि ताण सोसला, की झालं.

लोहखनिजापासून पोलाद बनवणाऱ्या मोठ्या, जुन्या कारखान्यांना सळईत नफा जेमतेमच मिळायचा. त्यांनी ते गिऱ्हाईक खुशाल सोडलं, आणि नफ्याची टक्केवारी उलट सुधारली! माझ्या मते धोक्याची पहिली खूण हीच: गिऱ्हाईक हातचं जातंय आणि तरी वरच्या साहेबांना हायसं वाटतंय.

पुढे छोटे कारखाने एकेक पायरी वर चढले. १९८९ मध्ये इंडियानातल्या क्रॉफर्ड्सव्हिलला न्यूकॉरने वितळलेल्या पोलादाची पातळ लादी ओतून पत्राही काढला. मोठ्या कारखान्यांपैकी बेथलहेम स्टीलने २००१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पेन्शनचा बोजा, आयात हीही कारणं होतीच, सगळं खापर विजेच्या भट्ट्यांवर फोडता येणार नाही.

तुमच्या क्षेत्रात सध्या कुठलं गिऱ्हाईक ‘गेलं तर बरंच’ म्हटलं जातं, ते जरूर लिहा.