विषय: बॅलेच्या पहिल्या वर्गाला काय घालायचं?

नमस्कार मंडळी,

नोकरीतून निवृत्त झाले आणि शाळेत असल्यापासून मनात असलेली गोष्ट आता करायचीच असं ठरवलं आहे: बॅले शिकायचा. रॉयल अकॅडमी ऑफ डान्सने ५५ वर्षांपुढच्यांसाठी ‘सिल्व्हर स्वान्स’ म्हणून वर्ग काढलेत, त्यातला एक आमच्या जवळच भरतो. येत्या मंगळवारी पहिला वर्ग. कपड्यांबद्दल ‘अंगालगत आणि सोयीचे’ एवढंच कळवलंय. लिओटार्ड, म्हणजे तो अंगाला घट्ट बसणारा बिनपायांचा पोशाख, घालायला मन तयार नाही. सलवार-कुर्ता चालेल का? आणि बूट कोणते घ्यायचे?

— सुनंदा, हॅरो

---

सुनंदाताई,

वाचून फार आनंद झाला! मी गेली काही वर्षं मोठ्यांच्या वर्गाला जाते, म्हणून सविस्तर लिहिते.

लिओटार्डची काळजी सोडा. नवशिक्या मोठ्यांच्या वर्गात बऱ्याच जणी लेगिंग्ज आणि अंगालगतचा टी-शर्ट घालून येतात. कुर्ता मात्र नको. बॅलेत पाय मांडीच्या खुब्यापासून बाहेर वळवायचा असतो. तो नुसत्या गुडघ्यातून किंवा घोट्यातून वळवला तर गुडघा दुखावतो. प्लिएमध्ये गुडघे वाकवताना ते पायाच्या बोटांच्या दिशेनेच जातायत ना, कंबर मागे कलंडत नाही ना, हे शिक्षिकेला दिसायला हवं. घेरदार कपड्याखाली यातलं काहीच दिसत नाही, आणि आपल्या वयात गुडघे जपायलाच हवेत. भरतनाट्यमच्या सरावाची साडी आखूड नेसतात ती याचसाठी. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसल्यावर, ते कुठे आहेत हे गुरूंना दिसायला हवं. उघडं वाटत असेल तर कमरेला बांधायचा छोटा शिफॉनचा स्कर्ट मिळतो, तो मांडीपर्यंतच असतो आणि बहुतेक ठिकाणी चालतो. हॉल गार असतात, तेव्हा पुढे गाठ मारायचं पातळ कार्डिगन जवळ ठेवा. अंग तापलं की काढून टाकायचं.

आता बूट. पैसे खर्च करायचेच तर इथे करा. मऊ बॅले स्लिपर घ्यायचे. टोकावर उभं राहायचे पॉइंट शूज अजिबात नाहीत, त्यांच्यासाठी आधी कित्येक वर्षं पाय आणि घोटे तयार करावे लागतात. स्लिपर कॅनव्हासचे किंवा चामड्याचे असतात. कॅनव्हासचे धुता येतात, चामड्याचे जास्त टिकतात. तळवा अख्खा किंवा दोन तुकड्यांचा असतो. दोन तुकड्यांच्या तळव्यात पायाची कमान उठून दिसते, पण सुरुवातीला मी अख्खाच सुचवेन, कारण पाऊल ताणताना त्याच्या विरोधात जोर लावावा लागतो आणि तळपायाचे स्नायू तयार होतात. माप रोजच्या बुटांवरून ठरवू नका. फ्रीड, ब्लॉक, कपेझिओ या बूट बनवणाऱ्या कंपन्यांची मापं आपसातही जुळत नाहीत. दुकानात जाऊन घालूनच पाहा. बोटं सपाट राहिली पाहिजेत, दुमडता कामा नयेत, पण पुढे जागाही उरायला नको.

इलॅस्टिक बरेचदा आपणच शिवायचं असतं. टाचेचा भाग आत तळव्यावर दुमडा. दोन्ही बाजूंना जिथे घडीचा कोन पडतो, तिथे इलॅस्टिकची टोकं शिवा. पुढची नाडी बेताची ओढून गाठ मारा आणि आत खोचा, नाहीतर पायाखाली येते.

एक गोष्ट कुणी सांगणार नाही म्हणून सांगते: जोडवी काढून जा. घट्ट स्लिपरमध्ये ती शेजारच्या बोटाला रुततात. लांब मंगळसूत्र आणि बांगड्याही घरीच. केसांचा अंबाडा मानेवर न घालता जरा वर घाला, म्हणजे मान मोकळी दिसते आणि फिरताना ओझं वाटत नाही.

— मेधा

---

मेधाताईंच्या मेलला जोड, मुलींच्या आयांसाठी.

आधी बॅलेच्या शाळेला विचारा, मगच खरेदी करा. परीक्षांना बसणाऱ्या मुलींचा गणवेश इयत्तेप्रमाणे ठरलेला असतो आणि हौसेने घेतलेला चमचमता टूटू, म्हणजे बॅलेचा झालरीचा फुगीर स्कर्ट, पडून राहतो.

दुसरं, टाइट्सचा रंग. गुलाबी टाइट्स आणि गुलाबी स्लिपर ही जोडी गोऱ्या पायांची रेघ कमरेपासून बोटांपर्यंत अखंड दिसावी म्हणून रुळली. आपल्या सावळ्या मुलींचे हात एका रंगाचे आणि पाय दुसऱ्याच, असं त्यात होतं. माझ्या लेकीने सातव्या वर्षी मला याचं कारण विचारलं, तेव्हा मी या विषयाच्या मागे लागले. न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेममधल्या नर्तिका १९७० च्या दशकापासून आपापल्या त्वचेच्या रंगाच्या टाइट्स आणि शूज वापरतात. इथे लंडनमध्ये बॅले ब्लॅक या नृत्यसंस्थेसोबत फ्रीडने तपकिरी छटांचे पॉइंट शूज काढले ते थेट २०१८ मध्ये. आता मुलींच्या मापातही अशा टाइट्स मिळतात. शाळेला मोकळेपणाने विचारा, आम्हाला लगेच होकार मिळाला. विचारायला हवंच, कारण मुली आरशासमोर उभ्या असतात.

— अनघा

---

मेधा, अनघा, दोघींचे आभार. लेगिंग्ज आहेतच, त्यावर लेकीचा काळा टी-शर्ट घालेन. स्लिपर अख्ख्या तळव्याचे, आणि अनघाचं वाचून तपकिरीच बघणार आहे. जोडवी लग्नापासून काढलेली नाहीत, साबणाचं पाणी लावून बघते. मेधा, शनिवारी सकाळी मोकळी असशील तर दुकानात माझ्याबरोबर येशील का? माप बरोबर बसलं की नाही, ते तुझ्या नजरेला कळेल.

— सुनंदा